छापील पदे आणि जिवंत चाली

जुन्या ग्रंथालयांच्या नाटक-विभागात संगीत नाटकांच्या ज्या प्रती टिकून राहिल्या आहेत, त्यांपैकी एखादी उघडून पाहिली म्हणजे पदाच्या डोक्यावर बारीक अक्षरांत छापलेली एक ओळ दृष्टीस पडते. तीत राग आणि ताल दिलेला असतो. पुष्कळदा नुसता ‘चाल’ हा शब्द लिहून दुसऱ्याच एखाद्या गाण्याचे प्रारंभीचे शब्द दिलेले असतात. ज्या काळी ती प्रत छापली गेली, त्या काळच्या वाचकाला एवढी खूण पुरेशी होती. ते दुसरे गाणे त्याच्या कानांत होतेच. आज मूळ गाणेच विस्मरणात गेलेले असल्यामुळे ती ओळ वाचता येते, पण ऐकू येत नाही. संगीत नाटकाचा ग्रंथ हा अशा रीतीने अर्धाच ग्रंथ असतो. त्याचा उरलेला अर्धा भाग गाणाऱ्यांच्या गळ्यांत असतो, आणि गळे हे कपाटात ठेवता येत नाहीत.

ही उणीव शे-सव्वाशे वर्षांपूर्वी कोणाला जाणवली नसती. कारण तेव्हा नाटक मंडळी हीच नाटकाची पाठशाळा होती. बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे १८४३ साली जन्मलेल्या बळवंत पांडुरंग तथा अण्णासाहेब किर्लोस्करांनी ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्याच्या आनंदोद्भव नाट्यगृहात ‘शाकुंतला’चे पहिले चार अंक रंगभूमीवर आणले. दोन वर्षांनी, १८ नोव्हेंबर १८८२ रोजी, ‘सौभद्र’ आले. कीर्तनातील साकी-दिंडी, लावणी, स्त्रीगीते यांबरोबरच कन्नड मुलुखातील चालीही अण्णासाहेबांनी आपल्या पदांसाठी निःसंकोचपणे घेतल्या. सीमाभागातील माणसाच्या कानांना दोन्ही भाषा सारख्याच सरावाच्या असतात, त्याचा हा वाङ्मयीन पुरावाच म्हणावयाचा. या चाली लिहून ठेवण्याची गरज मंडळीला भासली नाही. बडोद्याहून आलेल्या भाऊराव कोल्हटकरांसारखा गायक नट त्या गाई, त्याच्या मागे बसणारी पोरे त्या ऐकत आणि मोठी झाली म्हणजे तीच पदे आपल्या परीने गात. पुढे गोविंदराव टेंबे यांनी १९११ च्या ‘मानापमाना’ला आणि भास्करबुवा बखले यांनी १९१६ च्या ‘स्वयंवरा’ला चाली दिल्या, तेव्हा पदांची संख्या घटली आणि रागदारीचा विस्तार वाढला, पण शिकविण्याची रीत तीच राहिली. नाटक मंडळीचे बिऱ्हाड जिथे पडे, तिथे तालीम होई.

ही व्यवस्था मोडली ती मात्र फार थोड्या अवधीत. १९३१ साली ‘आलम आरा’ने बोलपटाचे युग सुरू केले आणि पुढील वर्षी ‘अयोध्येचा राजा’ने मराठी भाषा पडद्यावर बोलू लागली. जे प्रेक्षक रात्रभर बसून नाटक पाहात, त्यांना दोन-अडीच तासांत आणि स्वस्तात गाणे ऐकावयास मिळू लागले. बळवंत संगीत मंडळीने चित्रपटात हात घातला आणि ती त्यात बुडाली. बालगंधर्वांनी १९३५ च्या ‘धर्मात्मा’ चित्रपटात काम केले, त्या सुमारास त्यांची गंधर्व नाटक मंडळीही जुन्या स्वरूपात उरली नव्हती. १९३७ साली बापूराव पेंढारकर वारले आणि ‘ललितकलादर्श’चा पडदा खाली आला. अनेक गावांतील नाट्यगृहांची चित्रपटगृहे झाली. नट होते, पदे होती, छापील प्रती तर होत्याच. नाहीसे झाले होते ते घर. तालमीला जागा नाही, प्रयोगाला रंगमंच नाही, आणि ज्या पोरांनी मागे बसून शिकावयाचे ती पोरे नाहीत, अशी ही अवस्था होती.

मराठी संगीत नाटकाच्या इतिहासात याच्या पुढचा भाग बहुधा घाईने सांगितला जातो. सुवर्णकाळाचे वर्णन करताना लेखणी रेंगाळते आणि उतरणीचे वर्णन दोन परिच्छेदांत आटोपते. वास्तविक पाहता आज ‘सौभद्र’ किंवा ‘संशयकल्लोळ’ ऐकावयास मिळते, याचे श्रेय सुवर्णकाळाइतकेच त्या उतरणीच्या काळात जुनी नाटके पुन्हा उभी करणाऱ्या लहान लहान संस्थांना आहे. त्यांच्याजवळ राजाश्रय नव्हता, गंधर्वांच्या वैभवकाळातील अहमदजान थिरकवाँचा तबला आणि कादरबक्षांची सारंगी नव्हती. त्यांनी जुन्या नाटकांसाठी नवी घरे शोधली.

असे पहिले महत्त्वाचे घर मुंबईत मिळाले. विष्णुदास भावे यांच्या ‘सीतास्वयंवरा’ला १९४३ साली शंभर वर्षे पूर्ण झाली आणि सांगलीस मराठी रंगभूमीचा शताब्दी-महोत्सव झाला. मुंबई मराठी साहित्य संघाचे डॉ. अ. ना. भालेराव यांनी पुढील वर्षी मुंबईत नाट्यमहोत्सव भरविला आणि तो केवळ स्मरणोत्सव राहू दिला नाही. गिरगावातील केळेवाडीच्या मोकळ्या जागेत संघाने खुला रंगमंच उभा केला आणि तेथे जुनी-नवी नाटके होऊ लागली. पेशाने डॉक्टर असलेल्या या गृहस्थाने ओळखले होते, की नाटक मंडळ्या परत येणार नाहीत. मात्र त्यांतून विखुरलेले नट एका रात्रीपुरते एकत्र आणता येतील. नानासाहेब फाटक, केशवराव दाते यांच्यासारखे नट संघाच्या रंगमंचावर उभे राहिले ते कोणा मालकाचे पगारी नोकर म्हणून नव्हे. १९६४ साली त्याच जागी बंदिस्त नाट्यगृह झाले आणि त्याला भालेरावांचेच नाव देण्यात आले.

दुसरे घर एका कुटुंबाने बांधले. ‘रामजोशी’ या १९४७ च्या चित्रपटामुळे घरोघरी ठाऊक झालेले जयराम शिलेदार आणि मूळच्या इंदूरच्या, बालगंधर्वांसमवेत रंगमंचावर काम केलेल्या जयमालाबाई यांनी १९४९ साली ‘मराठी रंगभूमी’ ही संस्था स्थापन केली. काळ असा होता, की चित्रपटात नाव मिळालेल्या नटाने संगीत नाटकाकडे वळणे हे प्रवाहाविरुद्ध पोहणे होते. ‘सौभद्र’, ‘मृच्छकटिक’, ‘संशयकल्लोळ’, ‘मानापमान’, ‘स्वयंवर’, ‘एकच प्याला’ ही नाटके या संस्थेने वर्षानुवर्षे चालू ठेवली. जुन्या मंडळीत जे काम बिऱ्हाडाने केले, ते येथे संसाराने केले. लता आणि कीर्ती या कन्या याच वातावरणात वाढल्या, ऐकता ऐकता शिकल्या आणि रंगमंचावर उभ्या राहिल्या. पुण्यात बालगंधर्वांच्याच हस्ते पायाभरणी झालेले बालगंधर्व रंगमंदिर त्यांच्या निधनानंतर, २६ जून १९६८ रोजी, त्यांच्या जन्मदिनी सुरू झाले. गंधर्वांची पदे गंधर्वांच्या नावाच्या वास्तूत नव्या पिढीला ऐकता येऊ लागली.

मुंबईत ‘ललितकलादर्श’ बापूरावांचे चिरंजीव भालचंद्र पेंढारकर यांनी पुन्हा उभी केली. १९५७ च्या ‘दुरितांचे तिमिर जावो’सारखी नवी नाटके त्यांनी दिलीच, पण संगीत नाटकांचे प्रयोग ध्वनिफितींवर मुद्रित करून ठेवण्याचे जे काम त्यांनी मोठ्या चिकाटीने केले, त्याचे मोल ग्रंथालयाच्या सभासदांना विशेष कळावे. छापील प्रतीचा हरवलेला अर्धा भाग कपाटात ठेवण्याचाच तो प्रयत्न होता. १९१९ साली मुंबईत स्थापन झालेल्या गोवा हिंदू असोसिएशनच्या हौशी कलावंतांनी देवलांचे ‘संशयकल्लोळ’ पुन्हा रंगविले आणि १९६४ साली ‘मत्स्यगंधा’ हे नवे संगीत नाटकही दिले. खुद्द गोव्यात तर देवस्थानांच्या उत्सवांत, मंदिरासमोरच्या मंडपात, गावकऱ्यांनीच जुनी संगीत नाटके करण्याचा प्रघात कधी तुटलाच नाही. दीनानाथ मंगेशकर आणि जितेंद्र अभिषेकी हे दोघेही मंगेशीचे, हा निव्वळ योगायोग मानणे कठीण आहे.

नव्या घरात आलेले नाटक मात्र जुने तसेच राहिले नाही, हेही नमूद केले पाहिजे. ‘शाकुंतला’तील पदे दोनशेच्या घरात होती, रात्रभराच्या प्रयोगात ती खपून जात. तीन-साडेतीन तासांत नाट्यगृह रिकामे करून द्यावयाचे म्हटले, की कात्री आलीच. स्त्रीभूमिका स्त्रिया करू लागल्या. हिराबाई बडोदेकरांनी आपल्या नूतन संगीत नाटक मंडळीद्वारा ही वाट आधीच मोकळी केली होती. ध्वनिक्षेपक आल्यामुळे शेवटच्या रांगेपर्यंत आवाज फेकण्याची विद्या मागे पडली आणि नाजूक हरकतींना वाव मिळाला. यांतील काही बदल स्वागतार्ह होते, काही अपरिहार्य होते.

एका बदलाविषयी मात्र अभ्यासकांनी अधिक कठोर राहावयास हवे. कात्री लावताना पुष्कळांनी गद्य कापले आणि पदे राखली. श्रोत्यांना तेच हवे होते. वन्समोर पदालाच मिळतो, संवादाला नाही. हळूहळू संपूर्ण प्रयोगाची जागा नाट्यगीतांच्या मैफलीने घेतली. मैफल ही गोड गोष्ट आहे खरी, परंतु तीत नाटक उरत नाही. ‘एकच प्याला’चे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. राम गणेश गडकरी २३ जानेवारी १९१९ रोजी वारले आणि त्यानंतर महिना लोटण्यापूर्वीच, २० फेब्रुवारी रोजी, गंधर्व नाटक मंडळीने बडोद्यास त्याचा पहिला प्रयोग केला. बालगंधर्वांची सिंधू आणि गणपतराव बोडसांचा सुधाकर महाराष्ट्राने डोक्यावर घेतला. पण त्यातील पदे गडकऱ्यांची नव्हेत, ती वि. सी. गुर्जरांनी रचली. म्हणजे पदे तेवढी ठेवून गद्य गाळले, तर ‘एकच प्याला’तून गडकरीच वगळले जातात! ‘शारदा’चेही तसेच. १८९९ सालच्या या नाटकात देवलांनी जरठ-कुमारी विवाहाच्या दुष्ट रूढीवर जो आघात केला, तो काही केवळ गोड पदांचा नव्हता. १९२९ च्या बालविवाह-प्रतिबंधक कायद्याला ‘शारदा कायदा’ हे नाव या नाटकावरून पडले, असा समज मराठी वाचकांत रूढ आहे. वास्तविक ते नाव हरबिलास सारडा यांच्या आडनावावरून आले. तथापि असा समज व्हावा, यातच त्या नाटकाच्या गद्यपद्य मिळून झालेल्या परिणामाची साक्ष आहे.

शिलेदार कुटुंबाचे आणि त्यांच्यासारख्या लहान संस्थांचे ऋण येथे ठसठशीतपणे दिसते. त्यांनी संपूर्ण नाटके केली. भादव्या, तळीराम, कृत्तिका ही पात्रे त्यांनी गाणी नसतानाही जगविली. पदाच्या आधी संवाद कोणत्या शब्दावर थांबतो, पात्र कोठून कोठे येते, ऑर्गनचा सूर केव्हा लागतो, हे कोणत्याच छापील प्रतीत नसते. ते प्रयोगातच टिकते आणि प्रयोग थांबला की एका पिढीत पुसले जाते.

ही भीती काल्पनिक नाही. पद्मश्री जयमालाबाई २०१३ साली गेल्या, भालचंद्र पेंढारकर २०१५ साली. २०१८ च्या अखिल भारतीय मराठी नाट्य संमेलनाच्या अध्यक्ष कीर्ती शिलेदार २२ जानेवारी २०२२ रोजी निवर्तल्या. त्याआधी अवघ्या दोन आठवड्यांपूर्वी रामदास कामतांचे निधन झाले होते. घरांचीही शाश्वती नसते. शाहू छत्रपतींनी १९१५ साली कोल्हापुरास उभारलेले आणि पुढे केशवराव भोसले यांचे नाव दिलेले नाट्यगृह ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री, केशवरावांच्या जयंतीच्या पूर्वसंध्येला, आगीच्या भक्ष्यस्थानी पडले.

अशा प्रसंगी ग्रंथालयाचे काम केवळ नाटकाची प्रत सांभाळण्याने पुरे होत नाही. नटाने पेन्सिलीने कापाकापी केलेली नक्कल, पदांची चोपडी, प्रयोगाच्या हस्तपत्रिका, जुन्या सभासदाच्या घरी पडलेली ध्वनिफीत, गावातल्या हौशी मंडळाच्या तालमीची वही, या गोष्टी रद्दीत जाण्यापूर्वी ग्रंथालयात आल्या पाहिजेत. पदावरच्या त्या बारीक ओळीतील चाल आजही कोणा वृद्ध श्रोत्याला गुणगुणता येत असेल. त्याला विचारून ती टिपून ठेवणे हे दुसऱ्या कोणाचे नव्हे, वाचकांचेच काम आहे. जुने संगीत नाटक नव्या घरात पुन्हा उभे राहू शकते, हे केळेवाडीने आणि शिलेदारांनी एकदा सिद्ध केले आहे. पुढच्या वेळी ते उभे करू पाहणाऱ्याला दोन्ही अर्धे भाग एकाच कपाटात मिळावेत, एवढी तजवीज शंभरी गाठलेल्या संस्थेला अशक्य नाही.