भाकरीवर पोसलेला कुत्रा

कृष्णा आणि येरळा या नद्यांच्या दरम्यानचे कुंडल हे मुळात ज्वारीच्या मुलखातले गाव. येथे गोठ्यातल्या बैला-म्हशीला कडबा आणि हिरवी वैरण, म्हणजे कच्चे खाणे; दारातल्या कुत्र्याला मात्र चुलीवरचे. गाव औंध संस्थानात होते. १९१० मध्ये लक्ष्मणराव किर्लोस्करांनी गावाला लागून किर्लोस्करवाडी वसवली. त्याआधी बेळगावात त्यांनी कडबा कापण्याचे यंत्र आणि लोखंडी नांगर तयार केला होता. वैरणीसाठी असे यंत्र निघाले. कुत्र्यासाठी वेगळे काही करावे लागते, हे तेव्हा कोणाच्या मनातही येण्यासारखे नव्हते.

कुत्र्याचे खाणे ठरलेले असे. सकाळी रात्रीची शिळी भाकरी ताकात किंवा उरल्या कालवणात कुस्करून फुटक्या खापरात, पुढे जर्मनच्या थाळक्यात घालायची. जेवणे उरकली की चतकोर तुकडा. सणाला मटण शिजले तर हाडे मिळत, तीही शिजलेली. धर्माचीही याला जोड होती. वैश्वदेवानंतरच्या बळीत कुत्र्याचा वाटा शिजवलेल्या अन्नातूनच निघे. भाकरी पळवणाऱ्या कुत्र्यामागे नामदेव तुपाची वाटी घेऊन धावले, ही कथा घरोघरी सांगितली जाई. जवळच्या औदुंबरला येणाऱ्या दत्तभक्ताला तर दत्ताच्या पायाशी चार कुत्री दिसतच.

कच्चे मांस कुत्र्याच्या वाट्याला येई ते घराबाहेर. शिकारी कुत्र्यांना मारलेल्या सशातला वाटा मिळे. अशा कुत्र्यांचा मान मोठा होता. साताऱ्याच्या छत्रपती शाहू महाराजांनी वाघापासून वाचवणाऱ्या आपल्या कुत्र्याला जहागीर आणि पालखी दिल्याचे इतिहासकार ग्रँट डफने नोंदवले आहे; साताऱ्याजवळ संगम माहुलीला खंड्या कुत्र्याची समाधी आजही दाखवतात. दक्षिणेकडे मुधोळच्या घोरपडे राजांनी कारवान या शिकारी जातीची जोपासना केली. पण ही चपळ जातही गावोगावी मुख्यतः भाकरी आणि दुधावरच वाढली.

धनगराच्या वाड्यावर मेंढरू कापले किंवा मेले, की आतडी-काळीज, कधी डोकेही कुत्र्यापुढे पडे. यात खरा धोका होता. मेंढीच्या मेंदूत एका पट्टकृमीची गाठ असली आणि तो मेंदू कुत्र्याने खाल्ला, तर कृमी त्याच्या आतड्यात वाढतो. विष्ठेतून त्याची अंडी गवतावर पडतात, चरणाऱ्या मेंढीच्या पोटात जातात आणि ती मेंढी एके दिवशी जागच्या जागी गरगर फिरू लागते. अशाच दुसऱ्या कृमीची अंडी माणसाच्या पोटात गेली, तर यकृतात पाण्याची गाठ होते. मांस शिजवले की ही साखळी तुटते. घरातल्या कुत्र्याला चुलीवरचे घालण्याची जुनी रीत या कारणासाठी पडली नव्हती, तरी तिने घराचे रक्षण केले.

विकतचे श्वानखाद्य इकडे फार उशिरा आले. लंडनमध्ये जेम्स स्प्रॅटने कुत्र्यांची बिस्किटे १८६०च्या सुमारास काढली होती. कारखान्यातल्या खाद्याला विरोध म्हणून ऑस्ट्रेलियाचे पशुवैद्य इयान बिलिंगहर्स्ट यांनी १९९३ मध्ये कच्ची हाडे आणि मांसाचा पुरस्कार करणारे पुस्तक लिहिले. कुत्रा म्हणजे लांडगाच, म्हणून त्याचा आहारही लांडग्याचा हवा, हा त्यातला मुख्य विचार. पुण्या-मुंबईतील कुत्री पाळणाऱ्यांपर्यंत तो पोचला आहे. मात्र २०१३ मध्ये स्वीडनच्या संशोधकांनी दाखवून दिले, की पिष्ट पचवणाऱ्या एका जनुकाच्या प्रती कुत्र्यात लांडग्यापेक्षा कितीतरी जास्त असतात. भाकरी पचवण्याची ताकद कुत्र्यात माणसाच्या सहवासाने आली आहे.

तरीही नुसती भाकरी पुरेशी नाही. तिच्यात प्रथिने कमी पडतात; वाढत्या पिल्लाला दूध, अंडी किंवा मांस लागतेच. उलट नुसत्या बिनहाडाच्या मांसावर ठेवलेल्या पिल्लाला कॅल्शियम कमी पडते आणि त्याची हाडे कमकुवत राहतात. कडक थंडीत काही दिवस गोठवलेल्या मांसातल्या कृमींच्या गाठी मरतात, पण साल्मोनेलासारखे जिवाणू गोठवूनही तग धरतात; ते शिजवल्यावरच मरतात.