रूप जमा, बॅटरी नावे

बँकेत वीस वर्षं काढली की जमेची बाजू दिसताच हात आपोआप नावेच्या बाजूकडे जातो. सॅमसंगचा २०१४ चा गॅलॅक्सी एस-५ घ्या. पाठ प्लॅस्टिकची, वर बारीक ठिपके; लोक तिला जखमेवरची पट्टी म्हणून हसले. पण बिचारा गुणाचा! नखाने पाठ उघडा, बॅटरी बदला, कार्ड घाला. मीटरभर पाण्यात अर्धा तास बुडाला तरी जिवंत.

२०१५ साली एस-६ आला. पुढे-मागे काच, कडेला धातू. थेट नवरदेवच! पण पाठ कायमची बंद, कार्डाची खाच गायब, पाण्याचं भय परत, आणि बॅटरी २८०० मिलिअँपिअर-तासांवरून २५५० वर. बांधा सडपातळ हवा म्हणून पोटाला चिमटा! काच चिकटवली की उघडणार कशी, हे मला पटतं. पण कार्डाने कुणाचं काय घोडं मारलं होतं?

गिऱ्हाइकं कुरकुरली. २०१६ च्या एस-७ मध्ये कार्ड आलं, पाण्याचं भय गेलं, बॅटरी ३००० झाली. त्यापायी अंग मिलिमीटरभर सुटलं. उघडणारी पाठ मात्र एस घराण्यात पुन्हा आली नाही. आमची ही अजून विचारते, "अहो, ह्याचं झाकण कुठून उघडायचं?"