मोअज्जमजाही मार्केटची फ्रूट बिस्किटे

दिवाळीला पुण्याला किंवा नांदेडला निघालेल्या हैदराबादकर मराठी माणसाच्या पिशवीत काय आहे, हे स्टेशनावर उतरवून घ्यायला आलेल्या भाच्यांना विचारावे लागत नाही. मोत्यांच्या माळा, बांगड्या नंतर. आधी फ्रूट बिस्किटांचा डबा. उत्सवातही मोदकांचे ताट रिकामे झाले की चहाबरोबर हीच बिस्किटे फिरतात. अंडे नसल्याने आजीलाही चालतात.

या बिस्किटांनी नाव कमावले ते कराची बेकरीमुळे. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या खानचंद रामनानी यांनी १९५३ साली मोअज्जमजाही मार्केटपाशी ती सुरू केली आणि पाटीवर मागे सुटलेल्या शहराचे नाव घातले. आपली जांबबागेतली विवेकवर्धिनी तिथून चालत जाण्याइतकी जवळ. आणखी एक गोष्ट आपण विसरतो. १९५३ साली मराठवाड्याचे पाचही जिल्हे हैदराबाद राज्यातच होते. ते मुंबई राज्यात गेले १ नोव्हेंबर १९५६ रोजी. म्हणजे बेकरी उघडली तेव्हा बीड-परभणीच्या माणसाची राजधानी हीच होती. कचेरीच्या कामाला आलेल्या किती जणांनी परतताना पुडा बांधून नेला असेल, कोण जाणे!

‘फ्रूट’ म्हणायचे, पण आत असते कच्ची पपई. ताजे फळ बिस्किटात चालतच नाही. त्याचे पाणी सुटते आणि बिस्कीट मऊ पडते. विलायती पद्धतीत बेदाणे, पाकवलेली चेरी घालतात. आपल्याकडे ते काम स्वस्त पपईने उचलले. ती सोलून बारीक चौकोनी तुकडे करतात, उकळून साखरेच्या पाकात टाकतात आणि पाक टप्प्याटप्प्याने घट्ट करत नेतात. एकदम घट्ट पाकात घातले तर तुकड्यातले पाणी झपकन बाहेर येते आणि तो आक्रसतो. मोरावळा करणाऱ्या गृहिणींना हे सांगायला नको. मग लाल, हिरवा, पिवळा रंग देऊन सुकवले की झाली तुटीफ्रुटी. कच्च्या पपईला स्वतःची अशी चव फारशी नसते, म्हणून द्याल तो रंग आणि द्याल तो वास ती घेते. गंमत म्हणजे ही पपईसुद्धा इथली नाही. अमेरिका खंडातून आली आणि परसदारी रुजली.

घरी करायची तर लोणी आणि पिठीसाखर फेसून त्यात मैदा, थोडी कस्टर्ड पावडर, वेलची आणि तुटीफ्रुटी घालावी. पीठ फार मळू नये. त्याची लांबट चौकोनी लादी करून फ्रिजमध्ये घट्ट होऊ द्यावी आणि मग सुरीने काप काढावेत. कापताना तुकडेही चिरले जातात, म्हणून बिस्कीट खडे जडवल्यासारखे दिसते. कडा किंचित तांबूस झाल्या की बाहेर काढावे. गरम असताना मऊच लागते. कच्चे राहिले समजून पुन्हा आत ढकलले की करपते. (अनुभव आहे!) ओव्हन घरोघरी नव्हते तेव्हा मैदा, तूप, साखर घेऊन बेकरीच्या भट्टीवर जायचे आणि नानकटाई भाजून पत्र्याच्या डब्यात आणायची, ही आपल्याकडची जुनी रीत. फ्रूट बिस्किटे मात्र विकतचीच आणली जात.

त्या पाटीवरून वादही झाले. पुलवामाच्या हल्ल्यानंतर, फेब्रुवारी २०१९ मध्ये, बंगळुरूच्या शाखेपुढे जमाव जमला आणि ‘कराची’ हा शब्द झाकावा लागला. मे २०२५ मध्ये शमशाबादच्या शाखेत मोडतोड झाली. आमचे संस्थापक फाळणीत इकडे आले, हे मालकांना पुन्हा पुन्हा सांगावे लागले. घर सोडून आलेल्या माणसाने घराचे नाव जपले, यात त्याचा गुन्हा काय? आपणही परगावी येऊन आपल्या मंडळांना ‘महाराष्ट्र’ हे नाव देतोच.

आणि कराची आपल्याला तरी कुठे परकी? सिंध १९३६ पर्यंत मुंबई इलाख्यातच होता. नारायण जगन्नाथ वैद्य या मराठी शिक्षणाधिकाऱ्याच्या नावाची शाळा त्या शहरात आजही उभी आहे. फाळणीनंतर तिथेच राहिलेली काही मराठी कुटुंबे अजून गणपती बसवतात, मराठीत आरती म्हणतात आणि विसर्जनाला अरबी समुद्रावरच जातात.