चेहऱ्यावरचा तेलाचा हात



गेल्या काही आठवड्यांत आम्हाला एकच प्रश्न वेगवेगळ्या तोंडांनी विचारला गेला. चेहऱ्याला मसाज केला की सुरकुत्या जातात का? विचारणाऱ्या बहुतेक चाळिशीच्या पुढच्या. एकीने तर आवाज खाली करून सांगितले, "लेकीचं लग्न मार्गशीर्षात आहे, तीन महिने हातात आहेत. काय करू तेवढं सांगा." आवाज खाली करण्यासारखे त्यात काय होते, हे आमच्या मनात राहिले. म्हणून आज उत्तराआधी थोडा इतिहास सांगतो. मालिश म्हटले की आपल्या कोल्हापुराला कोणी शिकवायची गरज नाही, असे आपण समजतो. ते खरेही आहे, पण अर्धेच.

मालिश म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे तालीम येते. पहाटेचा जोर, हौद्यातली लाल माती, त्या मातीत मिसळलेले तेल, ताक, हळद, आणि मग अंग रगडून घेत पालथा पडलेला पैलवान. शाहू महाराज १९०२ साली युरोपला गेले, रोममधले जुने आखाडे पाहून आले आणि १९१२ साली खासबागेचे मैदान उभे राहिले. मोतीबाग, गंगावेस या तालमींची नावे आपल्या पोरांना पाठ असतात. तिथे मालिश ही कुस्तीइतकीच विद्या. कुठे रगडायचे, कुठे नुसता हात फिरवायचा, लढतीआधी किती, नंतर किती, हे वस्ताद सांगणार आणि पट्ठे एकमेकांचे अंग चोळणार. पैलवानाने तासभर पडून अंग रगडून घेतले तर त्याला कोणी आळशी म्हणत नाही. त्याच घरात त्याच्या आईने तासभर पडून अंग रगडून घेतले असते तर?

याहून मागे गेलो तरी चित्र फार बदलत नाही. कल्याणीच्या चालुक्यांचा राजा तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकात 'मानसोल्लास' नावाचा मोठा संस्कृत ग्रंथ रचला. आपल्याकडे तेव्हा शिलाहारांचे राज्य होते आणि ते चालुक्यांचे मांडलिक. सोमेश्वराचे वडील विक्रमादित्य यांनी शिलाहारांची राजकन्या चंद्रलेखा हिच्याशी लग्न केले होते, म्हणजे नाते सोयरिकीचेही. या ग्रंथात राजाने उपभोगायच्या सुखांची यादी आहे आणि तेल लावून घेऊन स्नान करणे हे त्यातले एक. तेल सुवासिक हवे, चोळणारे हात तयार हवेत. सगळे राजासाठी.

त्याच्याही आधीचा वाग्भट. त्याचा 'अष्टांगहृदय' हा ग्रंथ साधारण सातव्या शतकातला मानतात. अंगाला रोज तेल लावावे, त्याने म्हातारपण, थकवा आणि वात हटतो, असे तो सांगतो. ही ओळ हल्ली तेलाच्या बाटल्यांवर फार दिसते. पण पुढचे कोणी छापत नाही. विशेष करून तेल कुठे लावायचे, तर डोक्याला, कानांना आणि पायांना, असे तो म्हणतो. चेहऱ्याचे नाव त्यात नाही! चेहऱ्यासाठी त्याने लेप सांगितले आहेत, सहा ऋतूंचे सहा वेगळे. लेपाची जाडी पाव बोट, तिसरा हिस्सा किंवा अर्धे बोट. लेप तोंडावर वाळू द्यायचा नाही, ओला करून काढायचा आणि मग तेल लावायचे. लेप असताना फार बोलायचे नाही, उन्हात किंवा विस्तवापुढे बसायचे नाही, रडायचे नाही, रागवायचे नाही. हे वाचून आमच्यातली एक म्हणाली, "म्हणजे सासरी असताना लावायचाच नाही." केशराचे जे कुंकुमादी तेल आज इवल्याशा बाटलीतून महागड्या दराने मिळते, तेही याच ग्रंथातले.

वाग्भटाचे म्हातारपण म्हणजे नुसती सुरकुती नव्हे, हेही लक्षात घ्या. सुरकुतीला आयुर्वेदात 'वली' असा वेगळा शब्द आहे. म्हातारपण म्हणजे गुडघे धरणे, कंबर जाणे, झोप न लागणे हेही. आपल्या आज्ज्या पायाला तेल लावून घेत होत्या ते यासाठीच.

मग बाईच्या चेहऱ्याला तेलाचा हात लागायचा कधी? आम्ही आपापल्या घरातल्या वयस्क बायकांशी बोलून मोजणी केली. पहिल्यांदा जन्मल्यावर. बाळाला न्हाऊ घालताना कपाळ दाबायचे, भुवया रेखायच्या, चिमटीत धरून नाक ओढायचे. मुलगी असेल तर जास्तच, कारण पुढे तिला दाखवायची असते. (नाक ओढल्याने सरळ होत नाही. जोरात ओढू नका, बाळाला दुखते एवढेच.) दुसऱ्यांदा लग्नात, हळद लावताना. तिसऱ्यांदा बाळंतपणात, सव्वा महिना. चौथे म्हणजे दिवाळी.

दिवाळीचे जरा नीट बघू या. नरक चतुर्दशीला चार वाजता उठून बंब पेटवायचा कोणी? आंबेहळद, नागरमोथा, वाळा, कचोरा आणून उटणे कालवायचे कोणी? मुलांना, दिरांना, सासऱ्यांना पाटावर बसवून तेल लावायचे कोणी? पाडव्याला बायकोने नवऱ्याला तेल लावायचे, भाऊबीजेला बहिणीने भावाला. ती स्वतः न्हायची तेव्हा बंबातले पाणी कोमट झालेले असायचे आणि उटण्याची वाटी खरवडून घ्यावी लागायची. सणाचा गोडवा आम्ही नाकारत नाही. आम्हीही हे सगळे हौसेने केले आहे. पण मोजायला बसलो तर असे दिसते की बाईला तेल लागले ते जन्मताना, दुसऱ्याच्या घरी जाताना आणि दुसऱ्याला जन्म देताना. नुसती दमली म्हणून लागले नाही.

लावणारीचेही बघा. बाळंतिणीचे अंग चोळणारी, बाळाला न्हाऊ घालणारी सुईण किंवा मालिशवाली बऱ्याच गावांत अशा जातींतली असायची, ज्यांना एरवी उंबऱ्याच्या आत घेत नसत. सोयरातल्या दहा दिवसांत तिचा हात चालायचा. पुढे त्याच हाताचे पाणी चालायचे नाही. तिला धान्य मिळायचे, लुगडे मिळायचे. तालमीतल्या वस्तादांची नावे पाट्यांवर आली. हिचे नाव ज्यांना तिने न्हाऊ घातले त्यांनाही आठवत नाही.

चेहरा अंगापासून वेगळा झाला तो कॅमेऱ्यामुळे, असे आम्हाला वाटते. आणि ते आपल्याच गावात घडले. बाबूराव पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीचा 'सैरंध्री' १९२० साली आला, त्यात बायकांची कामे बायकांनी केली, आणि ते तेव्हा सोपे नव्हते. १९२९ साली प्रभात फिल्म कंपनी कोल्हापुरातच निघाली आणि १९३२ च्या 'अयोध्येचा राजा'मध्ये दुर्गा खोटे पडद्यावर आल्या. देवळाएवढ्या भिंतीवर एका बाईचा चेहरा, डोळ्यांच्या कडेसकट. तोपर्यंत परक्या बाईचे तोंड इतक्या जवळून, इतका वेळ, कोणी पाहिले होते? त्याच सुमाराला बाजारात स्नो-पावडर रुळली होती. मुंबईच्या पाटणवालांचा अफगाण स्नो १९१९ सालचा, आणि टाटांची लॅक्मे १९५२ ची. डब्यावर गोरा, गुळगुळीत, वय नसलेला चेहरा. आरशात पाहताना तो डबा शेजारीच असायचा.

मालिश तोवर सातासमुद्रापार जाऊन आली होती. पाटण्यात १७५९ साली जन्मलेला दीन महंमद नावाचा माणूस इंग्लंडात ब्रायटनला गेला आणि तिथे त्याने वाफेची न्हाणी आणि चंपी सुरू केली. 'चंपी'चेच इंग्रजीत शांपू झाले. इंग्लंडच्या राजाने त्याला आपला चंपीवाला नेमले. पुढे त्या शब्दातली मालिश गेली आणि साबण उरला. हॉलंडमध्ये योहान मेट्झगर नावाच्या डॉक्टरने एकोणिसाव्या शतकात मालिश दवाखान्यात आणली, आणि तिच्या हातांना जी फ्रेंच नावे पडली ती आजही ब्युटी पार्लरच्या कोर्सात पाठ करून घेतात: एफ्लुराज, पेट्रिसाज, टॅपोटमेंट. आमच्यातल्या दोघींनी हा कोर्स केला आहे. परीक्षेत नावे चुकली की मार्क जायचे. एफ्लुराज म्हणजे तळहात सारखा फिरवणे, पेट्रिसाज म्हणजे मळणे, टॅपोटमेंट म्हणजे थापटणे. पीठ सारखे करायचे, मळायचे, थापायचे. ज्या बाईने आयुष्यभर ज्वारीची भाकरी केली तिला हे फ्रेंचमध्ये शिकायला लागले, याची आम्हाला गंमत वाटते.

पार्लरला मात्र आम्ही नावे ठेवणार नाही. गल्लीतल्या पुढच्या खोलीत पडदा लावून, एक खुर्ची आणि एक आरसा यावर कितीतरी जणींनी घर चालवले. आणि तिथे पहिल्यांदा असे झाले, की बाळंतीण नसलेली, नवरी नसलेली बाई डोळे मिटून पडली आणि दुसरीने तिच्या कपाळावरून हात फिरवला. चाळीस मिनिटे तिला कोणी हाक मारली नाही. पण त्यासाठी तिला सांगावे लागले, की माझ्या तोंडावर वय दिसायला लागले आहे. दमले आहे, एवढे कारण पुरले नाही.

आता प्रश्नाचे उत्तर. सुरकुती पडते ती कातडीच्या आतली जाळी सैल झाल्याने. वरून चोळून ती जाळी पुन्हा विणली जाते असा भक्कम पुरावा नाही. मालिशीने रक्त खेळते, डोळ्यांखालची सूज थोडी उतरते, आवळलेला जबडा सैल होतो, म्हणून चेहरा ताजा दिसतो. काही तास. तेलाने कोरडी कातडी मऊ होते आणि बारीक रेघा कमी दिसतात. अमेरिकेत एक छोटा अभ्यास झाला, तो २०१८ साली छापून आला. मालिश नव्हे, चेहऱ्याचे व्यायाम. चाळीस ते पासष्ट वयाच्या २७ बायकांनी सुरुवात केली, वीस आठवडे रोज किंवा दिवसाआड अर्धा तास. शेवटपर्यंत टिकल्या १६. बघणाऱ्या डॉक्टरांनी फोटोंवरून लावलेला अंदाज सरासरी ५०.८ वर्षांवरून ४८.१ वर आला. तुलनेला दुसरा गट नव्हता, त्यामुळे यावर फार उड्या मारू नयेत. आणि अर्धा तास कुणाकडे आहे, हेही आहेच. २७ पैकी ११ जणींनी मध्येच सोडले, ते आम्हाला समजू शकते.

उन्हाचे मात्र पक्के आहे. ऑस्ट्रेलियातल्या नॅम्बूर गावात ९०३ माणसांवर साडेचार वर्षे अभ्यास झाला, तो २०१३ साली प्रसिद्ध झाला. रोज सनस्क्रीन लावणाऱ्यांची कातडी, मनात येईल तेव्हा लावणाऱ्यांपेक्षा २४ टक्के कमी जुनावली. ऊसतोडीला, भात लावणीला जाणाऱ्या आपल्या बायकांना रोजची ट्यूब परवडणार नाही. पण कपाळावर ओढलेला पदर आणि वर बांधलेला रुमाल हे फुकटचे काम करतात. दुसरे म्हणजे तंबाखू. मिश्री लावणाऱ्यांना राग येईल, पण तंबाखूने चेहरा लवकर उतरतो, आणि तोंडाच्या कॅन्सरपुढे सुरकुतीची काय कथा. तिसरी चुलीची धग आणि धूर.

तरीही मालिश करायचीच असेल, आणि करावी असेच आम्हाला वाटते, तर अशी करा. हात धुवा. खोबरेल किंवा तिळाचे तेल, चार-पाच थेंब, आधी तळव्यावर कोमट करा. कोरड्या हाताने कातडी ओढू नका. मानेवर बोटे वरून खाली, गळपट्टीच्या हाडाकडे न्या, आणि गळ्याच्या दोन्ही बाजूंच्या नाडीवर दाबू नका. हनुवटीपासून जबड्याच्या कडेने कानापर्यंत. नाकाच्या बाजूने गालावरून कानशिलाकडे. डोळ्यांभोवती फक्त अनामिका, कारण त्या बोटाचा दाब हलका पडतो. भुवयांच्या मधून कपाळावर वर. शेवटी जबड्याचा सांधा, कानापुढे, तिथे गोल गोल. दात आवळून झोपणाऱ्यांना तिथे बरे वाटेल. पाच मिनिटे पुरे. चेहऱ्यावर पिकलेले फोड, नागीण, नुकतेच झालेले ऑपरेशन असेल तर नको. तोंड एका बाजूला वाकडे झाल्यासारखे वाटले तर तेल शोधत बसू नका, लगेच दवाखाना गाठा.

जास्त घासल्याने जास्त गुण येतो असेही नाही. आपल्या अंबाबाईची मूर्ती दगडाची, तरी वर्षानुवर्षांच्या अभिषेकाने झिजली आणि २०१५ साली पुरातत्त्व खात्याकडून तिचे संवर्धन करावे लागले.

आमच्यातल्या एकीने या भागासाठी तिच्या ओळखीच्या मालिशवाल्या मावशींना गाठले. पंचेचाळीस वर्षे त्या बाळंतिणी न्हाऊ घालतात. तुम्हाला कोण तेल लावतं, असे विचारले तर त्या हसल्या आणि त्यांनी दोन्ही हात पुढे केले. चेहरा उन्हाने रापलेला, कपाळावर आठ्यांचे जाळे, पण तळहात आणि बोटे विशीतल्या पोरीसारखी मऊ. "इतरांचं लावता लावता हातांना तेवढं मिळालं," म्हणाल्या. मग आमच्या मैत्रिणीने वाटीतले उरलेले तेल घेतले आणि त्यांना पाटावर बसायला सांगितले. त्या बसायला तयार होईनात. पाव्हण्या बाईकडून कसं लावून घेऊ, म्हणाल्या. चहा आला, तो प्याला, आणि मग बसल्या.