हिवाळ्यात रोज सायकलने कामावर जाताय? स्वस्त आणि टिकाऊ चाके अशी निवडा

ब्रिटनमध्ये थंडी पडू लागली की रात्रीच्या वेळी रस्त्यांवर मीठ टाकणारे ट्रक फिरताना दिसतात. रस्त्यावर बर्फ धरू नये म्हणून ही तजवीज असते. तेच मीठ, पाणी आणि बारीक खडी दुसऱ्या दिवशी सकाळी सायकलच्या चाकांवर उडते. रोडबाइकने रोज कामावर जाणाऱ्यांना याचा फटका दोन-तीन महिन्यांत जाणवू लागतो. चाकाला आऊट येतो, हबमधून घरघर ऐकू येते, ब्रेक लावला की खरवडल्यासारखा आवाज होतो.

हा फक्त खर्चाचा प्रश्न नाही. ब्रेकमुळे घासून पातळ झालेली रिम टायरमधल्या हवेच्या दाबाने चालत्या सायकलवर फुटू शकते. त्यामुळे हिवाळ्यासाठी चाके घेताना ‘किती हलकी आहेत?’ यापेक्षा ‘बिघडली तर दुरुस्त होतील का?’ हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो.

मीठ आणि खडी चाकाचे काय करतात?

ब्रिटनच्या रस्त्यांवर पडणारे पुष्कळसे मीठ चेशायरमधल्या विन्सफर्डच्या भूमिगत खाणीतून येते. त्यात माती मिसळलेली असल्यामुळे ते तपकिरी दिसते. मिठामुळे पाण्याचा गोठणबिंदू खाली येतो आणि बर्फ सहजासहजी धरत नाही. पण खारे पाणी विजेचे चांगले वाहक असते. दोन वेगवेगळे धातू जिथे एकमेकांना टेकतात तिथे ते पोहोचले की जणू छोटी बॅटरीच तयार होते आणि त्यातला एक धातू झिजू लागतो.

चाकात अशी जागा म्हणजे स्पोक आणि निपलचा जोड. स्टेनलेस स्टीलच्या स्पोकवर अॅल्युमिनियमचे निपल असेल, तर अॅल्युमिनियम गंजते आणि निपल जाम होते. मग आऊट काढायला गेले की ते फिरण्याऐवजी तुटते. पितळी निपल थोडे जड असते, पण खाऱ्या पाण्यात खूप चांगले टिकते. हिवाळी चाकासाठी स्टेनलेस स्पोक आणि पितळी निपल ही जोडी सोडू नका. दोन्हींच्या किमतीत फारसा फरक नसतो.

रिम ब्रेक की डिस्क ब्रेक?

रिम ब्रेकच्या सायकलमध्ये ब्रेकचे रबर थेट रिमवर घासते. मध्ये खडीचे कण अडकले की रबर सँडपेपरसारखे काम करते. म्हणजे अशा सायकलची रिम टायर किंवा चेनसारखीच झिजून बदलायची वस्तू आहे, हे आधीच धरून चालावे. कार्बनच्या रिमवर पावसात ब्रेक अॅल्युमिनियमइतका भरवशाने लागत नाही आणि झीज तर होतेच. त्यामुळे रिम ब्रेक असेल तर हिवाळ्यासाठी साधी अॅल्युमिनियमची रिम घ्यावी.

डिस्क ब्रेकमध्ये झीज डिस्क आणि पॅडची होते, रिम सुटते. अशी चाके त्यामुळे जास्त वर्षे जातात. पण डिस्क बसवायची सोय फ्रेममध्ये मुळातच असावी लागते. रिम ब्रेकच्या सायकलला नुसती डिस्कची चाके घेऊन उपयोग होत नाही.

स्पोक किती असावेत?

चाक फिरताना जमिनीजवळ आलेल्या स्पोकचा ताण दर फेरीला क्षणभर कमी होतो आणि पुन्हा वाढतो. २८ मिमी टायरच्या चाकाचा परीघ साधारण २.१४ मीटर असतो. रोज २० किमी प्रमाणे १०० दिवस सायकल चालवली, तर प्रत्येक स्पोकला हा हेलकावा नऊ लाखांहून अधिक वेळा बसतो. म्हणून स्पोक तुटतो तो बहुधा एखाद्या मोठ्या धक्क्याने नव्हे, तर थकून तुटतो. तोही बहुतेक वेळा मागच्या चाकात, हबजवळच्या वळणावर.

जास्त स्पोक असले की प्रत्येकावरचा भार कमी होतो. ३२ स्पोकच्या चाकातला एक तुटला तर चाक थोडे डगमगते, पण ब्रेक जरा सैल करून बहुधा घरी पोहोचता येते. २० स्पोकच्या चाकातला एक तुटला तर रिम इतकी वाकडी होऊ शकते की ती ब्रेकला किंवा फ्रेमला घासते. रोजच्या प्रवासासाठी पुढे-मागे ३२ स्पोक हा सुरक्षित नियम आहे. वजन जास्त असेल किंवा कॅरिअरवर बॅगा लावायच्या असतील तर मागे ३६ घ्यावेत.

स्पोक नेहमीच्या गोल आकाराचे, हबपाशी वळलेले असावेत. ते कुठल्याही सायकल दुकानात मिळतात. काही तयार चाकांचे चपटे, सरळ स्पोक फक्त त्याच कंपनीकडून मागवावे लागतात.

हब कसा असावा?

हबचे मुख्य दोन प्रकार आहेत. पहिल्यात वाटी आणि कोन यांच्यामध्ये सुटे छर्रे असतात. शिमानोचे बहुतेक हब असेच असतात. ते स्वस्त आणि मजबूत असतात, घरी उघडून ग्रीस भरता येते. पण दुर्लक्ष झाले आणि वाटीला खड्डे पडले, तर सहसा हबच बदलावा लागतो.

दुसऱ्या प्रकारात सीलबंद बेअरिंग असते. खराब झाले की जुने ठोकून काढून त्याच मापाचे नवे बसवतात. स्वतः ग्रीस भरण्याची आवड नसेल तर हा प्रकार सोयीचा. ‘सीलबंद’ म्हणजे पाणी अजिबात शिरत नाही असे मात्र नाही. प्रेशरच्या पाण्याचा फवारा हबवर मारला तर कुठलेही बेअरिंग लवकर जाते.

डिसेंबरात लंडनला दुपारी चारच्या आतच सूर्य मावळतो. पुढचे चाक नवीनच बनवून घेणार असाल, तर डायनॅमो हबचा विचार जरूर करा. खर्च वाढतो, पण दिवा रोज चार्ज करण्याची कटकट संपते.

मापे जुळतात का?

चाक मागवण्याआधी या चार गोष्टी तपासा.

- व्यास: टायरच्या बाजूवर ‘२८-६२२’ यासारखा आकडा असतो. ६२२ म्हणजे नेहमीचे ७०० सी माप.
- एक्सल: रिम ब्रेकच्या आधुनिक रोडबाइकमध्ये हबची रुंदी पुढे १०० आणि मागे १३० मिमी असते. आजच्या डिस्क सायकलींमध्ये सहसा १२ मिमी जाडीचा आरपार एक्सल आणि पुढे १००, मागे १४२ मिमी रुंदी असते. काही जुन्या डिस्क सायकलींत मागे १३५ मिमी आढळते.
- कॅसेट: शिमानोच्या ११ स्पीड रोड फ्रीहबवर ८ किंवा ९ स्पीडची कॅसेट १.८५ मिमीची रिंग घालून बसते. १० स्पीडच्या काही कॅसेटना आणखी १ मिमीची रिंग लागते. कॅम्पॅग्नोलोचा फ्रीहब वेगळा असतो.
- टायरची रुंदी: रिमची आतली रुंदी १७ ते १९ मिमी असेल तर २८ मिमीचा टायर नीट बसतो. मडगार्ड लावल्यावर फ्रेममध्ये तेवढी जागा उरते का, हेही पाहा.

पैसे कुठे घालावेत?

बजेट कमी असेल तर पुढचे चाक साधे घ्या आणि मागच्यावर जास्त खर्च करा. सायकलस्वाराचे बरेचसे वजन आणि चेनची ओढ मागच्या चाकावर येते. त्यातही हब चांगला घ्या, रिम मध्यम चालेल. रिम संपली की चांगल्या हबवर नवी विणता येते. जुन्या रिमसारख्याच मापाची रिम मिळाली तर कधी कधी तेच स्पोकही पुन्हा वापरता येतात.

मात्र ब्रिटनमध्ये मजुरी महाग आहे. अगदी स्वस्त चाकाची रिम दुकानातून बदलून घेण्यापेक्षा नवे चाक घेणे परवडते. रिम बदलण्याचा फायदा हब खरोखर चांगला असेल किंवा चाक विणणे स्वतःला येत असेल तरच मिळतो.

यंत्रावर विणलेले स्वस्त चाक घेतले तर ते वापरण्याआधी कारागिराकडून स्पोकचा ताण सारखा करून घ्या. काही आठवड्यांनी पुन्हा एकदा तपासा. कमी ताणाचे स्पोक सैल होतात आणि लवकर तुटतात. या छोट्या खर्चाने चाकाचे आयुष्य बरेच वाढते.

रिम बदलायची वेळ कशी ओळखावी?

बऱ्याच रिमवर ब्रेकच्या पट्ट्यात एक बारीक खाच किंवा खळगा असतो. तो दिसेनासा झाला की रिम संपली. काही रिममध्ये उलट असते, झीज झाल्यावर छोटे भोक दिसू लागते. खूण नसेल तर पट्टी आडवी धरून पाहा. रिमची बाजू आत खोलगट झालेली स्पष्ट दिसत असेल तर रिम बदलावी. बाजू बाहेर फुगली असेल, तडा दिसत असेल किंवा ब्रेक एकाच जागी अचानक पकडत असेल, तर त्या चाकावर सायकल चालवू नका.

रिम जास्त टिकवायची असेल तर ओल्या प्रवासानंतर कमी दाबाच्या साध्या पाण्याने ती धुवा. ब्रेकच्या रबरात रुतलेली खडी आणि धातूचे कण टोकदार वस्तूने काढून टाका. पाच मिनिटांचे काम आहे, पण रिमचे आयुष्य सर्वात जास्त त्यानेच वाढते.

महाराष्ट्रात रस्त्यावर मीठ टाकत नाहीत. पण पावसाळ्यात सायकल चालवणाऱ्याच्या रिमवर चिखल आणि वाळू तसेच घासतात, आणि कोकणात खारी हवा असतेच. त्यामुळे पितळी निपल, पुरेसे स्पोक आणि उघडता येणारा हब हा हिशोब तिथेही लागू पडतो.