अडतीसचा आकडा

रिव्हॉल्व्हरचा उल्लेख आला की पाठोपाठ एक आकडा येतो. आपल्या रहस्यकथांनी आणि गुन्हेवृत्तांनी '.३८' हा आकडा वाचकाच्या कानाला इतका सवयीचा करून ठेवला आहे, की तो कशाचे माप आहे हे विचारण्याचे कुणाच्या मनात येत नाही. आकडा इंचांत आहे. म्हणजे गोळीची जाडी ०.३८ इंच असावयास हवी. प्रत्यक्षात '.३८ स्पेशल' या जगभर रूढ असलेल्या काडतुसाची गोळी सुमारे ०.३५७ इंचाची असते. शस्त्रे हा आमचा प्रांत नव्हे; शब्द हा आहे. परंतु नाव आणि वस्तू यांच्यात असे अंतर पडलेले दिसले की त्यामागे काही इतिहास असणार, एवढे भाषेच्या अभ्यासाने आम्हांला शिकविले आहे. हा इतिहास आहे जुनी रिव्हॉल्व्हरे नव्या काडतुसांसाठी बदलून घेण्याचा.

सॅम्युएल कोल्टच्या हार्टफर्ड येथील कारखान्यातून निघालेली १८५१ची 'नेव्ही' (.३६) आणि १८६०ची 'आर्मी' (.४४) ही अमेरिकन यादवी युद्धातली (१८६१-६५) प्रमुख रिव्हॉल्व्हरे. त्यांच्या फिरत्या सिलिंडरला सहा घरे असत आणि प्रत्येक घर मागून बंद असे. समोरून दारू भरायची, त्यावर शिशाची गोळी ठासायची, मागच्या बारीक छिद्रावर तांब्याची टोपी बसवायची, आणि हे सहा वेळा करायचे. एकदा सहा बार झाले की घोडेस्वाराच्या हाती निव्वळ लोखंड उरे.

यावर उपाय होता धातूच्या काडतुसाचा. आपल्याकडे पोर्तुगीजांकडून आलेला 'काडतूस' हा शब्द १८५७च्या उठावामुळे सर्वांना ठाऊक आहे; तथापि ते काडतूस कागदी होते. त्याच १८५७ साली अमेरिकेत स्मिथ अँड वेसन या कंपनीने धातूचे काडतूस मागच्या बाजूने भरता येईल असे छोटे रिव्हॉल्व्हर बाजारात आणले. त्यासाठी सिलिंडरची घरे आरपार असावी लागतात. आज ही गोष्ट अगदी साधी वाटते. परंतु तिचे पेटंट रॉलिन व्हाइट या कारागिराने ३ एप्रिल १८५५ रोजी घेतलेले होते आणि स्मिथ अँड वेसनने दर नगामागे २५ सेंट देण्याच्या कराराने त्याचा एकाधिकार मिळविला होता. परिणामी यादवी युद्धाची चारही वर्षे अमेरिकेतील बहुसंख्य सैनिक, उपाय ठाऊक असूनही, दारू, गोळी आणि टोपी यांतच अडकून राहिले.

पेटंटला वळसा घालण्याचे प्रयत्नही झाले. १८६८ साली कोल्टच्या अलेक्झांडर थ्यूअरने समोरूनच भरता येईल असे निमुळते काडतूस काढले. ते फारसे चालले नाही. रेमिंग्टनने सरळ स्मिथ अँड वेसनला मानधन देऊन आपली .४४ची रिव्हॉल्व्हरे .४६च्या काडतुसासाठी बदलून दिली. त्यांत सहा घरांचा सिलिंडर पाच घरांचा झाला. व्हाइटचे पेटंट १८६९ साली संपले. त्याच्या कमाईचा मोठा भाग खटल्यांत गेला होता, म्हणून त्याने मुदतवाढीसाठी काँग्रेसकडे धाव घेतली. काँग्रेसने त्याच्या बाजूने विधेयक मंजूर केले. परंतु जानेवारी १८७०मध्ये अध्यक्ष ग्रँट यांनी ते नाकारले. या पेटंटमुळे युद्धकाळात सरकारची पुरेशी अडचण झालेली आहे, असे लष्कराच्या शस्त्रखात्याचे म्हणणे होते. ज्या सेनापतीने ते युद्ध जिंकले त्याच्याच हातून हा नकार यावा, यात नवल नाही.

आता वाट मोकळी झाली. पण युद्ध संपले होते, सरकारी कोठारे जुन्या रिव्हॉल्व्हरांनी भरलेली होती आणि कारखान्यात सुट्या भागांचे ढीग पडून होते. ते टाकून देण्यापेक्षा बदलून घेणे स्वस्त होते. कोल्टच्या चार्ल्स रिचर्ड्सने जुलै १८७१मध्ये अशा बदलाचे पेटंट घेतले. सिलिंडरची बंद पाठ गेली, तिच्या जागी काडतूस आत सरकविण्यासाठी झडप असलेली तबकडी आली, आणि गोळी ठासण्याच्या दांड्याऐवजी रिकामे काडतूस बाहेर ढकलणारी सळई आली. लष्कराने अशी सुमारे १,२०० रिव्हॉल्व्हरे बदलून घेतली. पाठोपाठ आरमाराच्या .३६च्या रिव्हॉल्व्हरांची पाळी आली.

आमच्या आकड्याचा जन्म इथला. '.३६' हे माप नळीच्या आतील उंचवट्यांमधले होते. त्यांच्या मधल्या खाचा अधिक खोल, म्हणून तिथे नीट बसणारी गोळी सुमारे ०.३७५ इंचाची लागे. नळी जुनीच ठेवायची असल्याने नवे काडतूस तिच्या मापाने बेतले गेले आणि त्याला '.३८' म्हटले गेले. गोळी व काडतुसाचे नळकांडे यांची जाडी सारखीच होती; म्हणून गोळीचा बुडखा बारीक करून तो नळकांड्यात बसवीत. पुढे संपूर्ण गोळीच नळकांड्याच्या आत मावेल अशी बारीक करण्यात आली. नळकांडे तेवढेच राहिले, गोळी ०.३५७वर आली, आकडा मात्र बदलला नाही. १९३५ साली याच जाडीच्या गोळीचे '.३५७ मॅग्नम' निघाले, तेव्हा कुठे नाव आणि माप यांची गाठ पडली.

हा आकडा निव्वळ कुतूहलाचा विषय नाही. अमेरिकी लष्कराने १८९२ साली .३८चे रिव्हॉल्व्हर स्वीकारले. फिलिपीन्समधील मोरो लोकांशी लढताना ते पुरेसे मारक नाही अशी तक्रार झाली, आणि १९०४ साली शिकागोत मृतदेहांवर व कत्तलखान्यातील जनावरांवर निरनिराळ्या गोळ्यांची चाचणी घेऊन लष्कर .४५कडे वळले. इंचाच्या शतांशांची ही सारी चर्चा अखेर माणसाच्या शरीराविषयी होती, हे मापांच्या तक्त्यात दिसत नाही.

शस्त्रांच्या इतिहासात १८७३चे कोल्टचे नवे रिव्हॉल्व्हर आले आणि टोपीचे युग संपले, अशी सरळ रेघ ओढली जाते. प्रत्यक्षात त्या सालानंतरही बदलून घेतलेली जुनी रिव्हॉल्व्हरे विकली जात होती आणि लोक ती कमरेला लावून हिंडत होते. जुने सोडवत नाही आणि नवे परवडत नाही, अशा काळातली तडजोड पाठ्यपुस्तकांतून गळते. ती नावात तेवढी उरते. 'शाई' या मुळात फारसी शब्दाचा अर्थ काळेपणा. तरी उत्तरपत्रिका तपासताना आम्ही लाल शाई वापरतो आणि त्यात कुणाला काही खटकत नाही. '.३८' ही तशीच लाल शाई आहे.