औषधाची चाचणी मध्येच थांबवायची कधी? दोन टप्प्यांचा हिशेब

नव्या औषधाची चाचणी 200 रुग्णांवर करायची ठरली. निम्म्या रुग्णांचे निकाल हाती आले की ते बघावेसे वाटणारच. औषध गुणकारी दिसत असेल तर बाकीच्यांना ताटकळत का ठेवायचं? पण गोम इथेच आहे.

औषधाचा काहीच उपयोग नसताना केवळ योगायोगाने फरक दिसण्याची शक्यता साधारण 5 टक्क्यांपर्यंत चालवून घेतात. हीच कसोटी मध्ये एकदा आणि शेवटी एकदा लावली, तर ती शक्यता 8.3 टक्क्यांवर जाते. चुकीचं औषध बाजारात येण्याचा धोका वाढतो.

उपाय काय?

निकाल दोनदा बघायचा तर कसोटी आधीच कडक करायची. यालाच ग्रुप सिक्वेन्शियल आराखडा म्हणतात. पोकॉक यांच्या 1977 च्या पद्धतीत दोन्ही वेळी मर्यादा 2.94 टक्के. ओब्रायन आणि फ्लेमिंग यांच्या 1979 च्या पद्धतीत मध्यावर 0.52 आणि शेवटी 4.80 टक्के. दुसऱ्या निकालात पहिले रुग्णही मोजलेले असतात, म्हणून या आकड्यांची साधी बेरीज 5 येत नाही.

याची किंमतही मोजावी लागते. 90 टक्के पॉवर धरली, तर शेवटपर्यंत चालणाऱ्या चाचणीला 200 ऐवजी पोकॉक पद्धतीत 220 आणि ओब्रायन-फ्लेमिंगमध्ये 202 रुग्ण लागतात. मात्र चाचणी मध्यावरच थांबली, तर जवळपास निम्मे रुग्ण वाचतात.

सॉफ्टवेअरमध्ये काय भरायचं?

'आर' हे सॉफ्टवेअर मोफत आहे. त्यातली जीएसडिझाइन आणि आरपॅक्ट ही पॅकेजेस हे गणित करून देतात. टप्पे 2, पहिला निकाल किती माहितीवर (इथे 0.5), चुकीची मर्यादा, पॉवर आणि सीमारेषेचा प्रकार, एवढं सांगावं लागतं.

एक खबरदारी मात्र हवी. ही पॅकेजेस मुळात एकाच बाजूची मर्यादा, म्हणजे 0.025, धरून चालतात. तिथे सवयीने 0.05 भरलं तर मान्य केलेली चूक दुप्पट होते. जीएसडिझाइनमध्ये टप्पे न सांगितल्यास 3 धरले जातात, तेही बदलायचं.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे हे नियम पहिला रुग्ण दाखल होण्याआधीच प्रोटोकॉलमध्ये लिहायचे. मधला निकाल स्वतंत्र समितीने बघायचा, उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी नव्हे. आकडे बघून नंतर ठरवलेल्या नियमाला अर्थ राहत नाही.